बाईमाणूस ‘व्यक्ती’ असते का? कॅनडाच्या सिनेटचं एक प्रकरण

मराठीत हा खटला उभाच राहिला नसता. आपल्याकडे ‘व्यक्ती’ हा शब्द व्याकरणानंच स्त्रीलिंगी. मिशांना पीळ देणारा पैलवान असला तरी ‘ती व्यक्ती आखाड्यात उतरली’ असंच लिहावं लागतं. ‘माणूस’ म्हटलं की मात्र तो. बाईला त्यात बसवायचं तर ‘बाईमाणूस’ असं ठिगळ लावावं लागतं. इंग्रजीतल्या ‘पर्सन’ला असलं काही लिंग नाही. त्या बिनलिंगी शब्दात बायका मावतात की नाही, याचा काथ्याकूट कॅनडा सरकार, तिथलं सर्वोच्च न्यायालय आणि लंडनची प्रिव्ही कौन्सिल यांनी १९२७ ते १९२९ अशी दोन वर्षं केला. वाद होता सिनेटच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाच्या सभासदत्वाचा.

कायद्याच्या वर्गात हे प्रकरण लंडनच्या निकालातल्या एका उपमेसाठी शिकवलं जातं. राज्यघटना म्हणजे जिवंत झाड, आपल्या हद्दीत वाढत जाणारं. परीक्षेत तेवढं लिहिलं की गुण मिळतात. मला ते झाड दुय्यम वाटतं. सिद्ध करायचं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं, यावर हे प्रकरण फिरलं. एका कोर्टानं ते बायकांच्या डोक्यावर ठेवलं आणि बायका हरल्या. दुसऱ्यानं ते उचलून सरकारच्या डोक्यावर ठेवलं आणि त्या जिंकल्या. मधल्या काळात कायद्याचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

आधी जागा काय होती ते पाहू. कॅनडाची सिनेट १८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्यानं, म्हणजे तिथल्या राज्यघटनेनं बनलेली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथे ९६ जागा होत्या: ऑन्टॅरिओ, क्वेबेक, समुद्रकाठचे पूर्वेचे प्रांत आणि पश्चिम, अशा चार विभागांना २४-२४. पश्चिमेतल्या अल्बर्टा प्रांताच्या वाट्याला ६. निवडणूक नाही. पंतप्रधानांनी नाव सुचवायचं, गव्हर्नर जनरलनं नेमायचं, आणि एकदा बसलं की मरेपर्यंत उठायचं नाही. कलम २३ मध्ये पात्रता सांगितली आहे. वय ३० पूर्ण, ब्रिटिश प्रजाजन, त्या प्रांतात राहणारा, आणि ४,००० डॉलर किमतीची जमीन नावावर. सगळीकडे ‘तो’. पुढच्या कलम २४ मध्ये म्हटलंय की गव्हर्नर जनरल वेळोवेळी ‘योग्य व्यक्तींना’ सिनेटमध्ये बोलावतील. सगळं भांडण या दोन शब्दांचं.

कनिष्ठ सभागृहाचं दार तोवर उघडलं होतं. देशपातळीवर बायकांना १९१८ मध्ये मत मिळालं आणि १९२१ मध्ये ॲग्नेस मॅकफेल निवडूनही आल्या. मग त्याच इमारतीतल्या पलीकडच्या दालनात म्हाताऱ्या श्रीमंतांच्या शेजारी बसायला मिळालं नाही म्हणून एवढं काय बिघडत होतं? बिघडत होतं, आणि त्याचं एक कारण घटस्फोट. ऑन्टॅरिओ आणि क्वेबेकमध्ये त्या काळी घटस्फोट देणारं कोर्टच नव्हतं. नवराबायकोला वेगळं व्हायचं तर संसदेत त्या दोघांपुरतं विधेयक आणून मंजूर करून घ्यावं लागे. साक्षीपुरावे ऐकायचे ते सिनेटच्या समितीनं. म्हणजे नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाची कहाणी बाईनं सांगायची, आणि समोर ऐकायला सगळे पुरुष. कायद्यानं तिथे दुसरं कुणी बसूच शकत नव्हतं.

आता एमिली मर्फी. अल्बर्टातल्या एडमंटन शहरात १९१६ मध्ये त्यांना पोलीस मॅजिस्ट्रेट नेमलं गेलं. ब्रिटिश साम्राज्यात हे पद मिळालेली ही पहिली बाई. पहिल्याच दिवशी आरोपीच्या वकिलानं हरकत घेतली: बाईसाहेब, कायद्याच्या लेखी तुम्ही ‘व्यक्ती’ नाही, तेव्हा तुमचा हुकूम आम्हाला लागू नाही. मर्फींनी हरकत नोंदवून घेतली आणि काम पुढे चालवलं. पुढे वकील मंडळी हेच तुणतुणं वाजवत राहिली. अखेर कॅल्गरीच्या महिला मॅजिस्ट्रेट ॲलिस जेमिसन यांच्या एका निकालावरून विषय वरच्या कोर्टात गेला आणि १९१७ मध्ये अल्बर्टाच्या उच्च न्यायपीठानं सांगून टाकलं की सरकारी पदावर बसायला बाईपण आड येत नाही. अल्बर्टापुरता प्रश्न मिटला. देशाचा राहिला.

१९१९ मध्ये महिला संस्थांच्या देशपातळीवरच्या महासंघानं, ज्याच्या अध्यक्ष मर्फीच होत्या, सिनेटमध्ये बाई नेमा असा ठराव केला. माँट्रियलच्या महिला मंडळानं तर त्यांचंच नाव पुढे केलं. बोर्डेन, मग मिएन, मग किंग असे पंतप्रधान बदलत गेले, उत्तर तेच राहिलं: आमची काही हरकत नाही हो, पण १८६७ च्या कायद्यानं हात बांधलेत. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हे वाक्य कानांना ओळखीचं वाटेल. नकार देणारा स्वतः कधीच नकार देत नसतो, नकार नेहमी नियमाचा असतो.

मर्फींनी मग त्या बांधलेल्या हातांचीच परीक्षा घ्यायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या कायद्यात कलम ६० होतं. त्याखाली घटनेतल्या एखाद्या मुद्द्याचा अर्थ लावून घ्या अशी विनंती सरकारला करता येत असे, आणि तशी पाच जणांनी मिळून करावी असा रिवाज होता. २७ ऑगस्ट १९२७ ला एडमंटनला मर्फींच्या घरी आणखी चौघी आल्या आणि अर्जावर पाच सह्या झाल्या. या चौघी काही ‘आम्हालाही घ्या’ म्हणणाऱ्या नवख्या नव्हत्या. लुईस मॅकिनी १९१७ ते १९२१ आमदार राहिलेल्या. आयरीन पार्लबी त्या वेळी अल्बर्टाच्या मंत्रिमंडळात बसत होत्या. नेली मॅक्लंग लेखिका, विधिमंडळात निवडून आलेल्या, आणि सभा गाजवण्यात तरबेज. हेन्रिएटा म्यूर एडवर्ड्स पंचाहत्तरी उलटलेल्या. बायकांशी संबंधित कायद्यांवर त्यांनी पुस्तकंच लिहिली होती. पुढे लंडनच्या निकालावर नाव लागलं ते याच एडवर्ड्सबाईंचं, कारण पाचांमध्ये वर्णानुक्रमानं त्यांचं आडनाव पहिलं. सगळी धावपळ मर्फींची, आणि खटला ओळखला जातो ‘एडवर्ड्स’ म्हणून.

इथे एक गोष्ट घडली जिच्याकडे वाचणाऱ्याचं सहसा लक्ष जात नाही. अर्जातले मूळ प्रश्न अधिकाराचे होते: बाईला सिनेटवर नेमायचा अधिकार कुणाला आहे का, आणि कॅनडाच्या संसदेला तशी तरतूद करता येईल का? न्याय खात्यानं ते बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न कोर्टाकडे धाडला: कलम २४ मधल्या ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्रिया येतात का? अधिकाराचा प्रश्न असा शब्दकोशात नेऊन ठेवला. मर्फींना हे आवडलं नव्हतं. पण प्रश्न असा आवळून टाकल्यानंच खटला गाजला असं मला वाटतं. ‘संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार आहे का’ यावर चहाच्या टपरीवर कुणी भांडत नाही. ‘बाई व्यक्ती आहे का’ यावर भांडतं.

सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली १४ मार्च १९२८ ला. योगायोग असा की त्या दिवशी मर्फींना ६० वर्षं पूर्ण झाली. पाच जणींकडून न्यूटन रॉवेल हे नावाजलेले वकील होते. अल्बर्टा सरकार त्यांच्या बाजूनं, केंद्र सरकार आणि क्वेबेक विरुद्ध. २४ एप्रिलला निकाल लागला. पाचही न्यायमूर्तींचं उत्तर एकच: नाही.

वर्तमानपत्रांनी आणि पुढच्या पिढ्यांनी हा निकाल ‘बायका म्हणजे व्यक्ती नव्हेत’ असा सांगितला. तो अन्याय आहे. सरन्यायाधीश अँग्लिन यांनी साफ म्हटलंय की ‘व्यक्ती’ हा शब्द सुटा घेतला तर त्यात बायका येतात, यात शंका नाही. त्यांनी विचारलेला प्रश्नच नीट करून घेतला: बायका सिनेटवर नेमायला पात्र आहेत का? उत्तर दिलं ते याला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. कायद्याचा अर्थ तो झाला त्या साली जो होता तोच घ्यायचा. १८६७ मध्ये इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे बायकांना सार्वजनिक पद धरता येत नव्हतं. शेकडो वर्षांची ही रीत मोडायची असती तर संसदेनं ते ठळकपणे लिहिलं असतं. एका मोघम शब्दाच्या पोटात लपवून एवढी क्रांती कुणी करत नाही. ‘योग्य’ या विशेषणातच ही जुनी अडचण दडलेली आहे. सिनेटमध्ये बायका असणं इष्ट की अनिष्ट याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही, असंही त्यांनी बजावलं.

हा युक्तिवाद वाटतो तेवढा टाकाऊ नाही. लिहिणाऱ्यांच्या मनात जे नव्हतं ते न्यायाधीशानं घुसडू नये, हे तत्त्व आपणही सोयीच्या वेळी उचलून धरतो. अँग्लिन यांची मेख वेगळ्या जागी आहे. गप्प बसलेल्या कायद्याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा, हे त्यांनी आधीच धरून चाललं. बायका चालतील असं कुठे लिहिलंय ते दाखवा, म्हणाले. लिहिलेलं नव्हतंच.

तेव्हा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयावरही एक पायरी होती: लंडनला डाउनिंग स्ट्रीटवर बसणारी प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती. आपल्या मुंबई-कलकत्त्याची अपिलंही तिथेच जात. जुलै १९२९ मध्ये चार दिवस युक्तिवाद झाले. क्वेबेक तोवर मैदानातून हटलं होतं. १८ ऑक्टोबर १९२९ ला लॉर्ड चॅन्सलर सँकी यांनी निकाल वाचला.

सँकींनी पुराव्याचे दोन भाग केले: कायद्याबाहेरचा आणि कायद्याच्या आतला. बाहेरचा म्हणजे इतिहास. बायकांना सगळ्या सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणं हा आपल्याहून रानटी काळाचा उरलेला अवशेष आहे, असं म्हणून त्यांनी तो फारसा जमेत धरला नाही. रीत पुष्कळ दिवस चालली की लोक तिचं कारण विसरतात आणि तिलाच कायदा मानू लागतात, हेही सांगितलं. लोकांना आठवतं ते एवढंच.

मला मात्र निकालाचा दुसरा, रुक्ष भाग जास्त आवडतो, कारण तिथे वकिली कसब दिसतं. सँकी १८६७ चा कायदा उघडतात आणि ‘व्यक्ती’ कुठे कुठे आलंय ते शोधत जातात. कलम १३३ म्हणतं की कॅनडाच्या कोर्टांत कोणीही ‘व्यक्ती’ इंग्रजी किंवा फ्रेंच वापरू शकते. मग पुरुषाला दोन्ही भाषा चालतात आणि बाईला नाही, असं कायदा करणाऱ्यांच्या मनात होतं म्हणायचं का? उघडच नाही. तर इथे ‘व्यक्ती’त बाई आहे. मग कलम ४१. त्यात अल्गोमा जिल्ह्याच्या निवडणुकीपुरती तात्पुरती सोय आहे: २१ वर्षांवरच्या, घरदार असलेल्या प्रत्येक ‘पुरुष’ ब्रिटिश प्रजाजनाला मत. म्हणजे मसुदा लिहिणाऱ्यांना जिथे नुसते पुरुष हवे होते तिथे त्यांनी ‘पुरुष’ असंच लिहिलं. हा शब्द त्यांना ठाऊक होता, त्यांच्या टाकात शाई होती, आणि कलम २४ मध्ये त्यांनी तो लिहिला नाही.

मग येतं निकालातलं ते वाक्य ज्यावर माझ्या मते सगळं पालटलं. या शब्दात बायका का याव्यात असं विचारणाऱ्याला उत्तर सोपं आहे: का येऊ नयेत? तेव्हा त्या येत नाहीत असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनीच ते सिद्ध करावं. अँग्लिन यांच्या कोर्टात जे ओझं पाच बायकांच्या डोक्यावर होतं ते इथे सरकारच्या डोक्यावर आलं, आणि सरकारला ते पेललं नाही.

आता एक असा धागा जो कॅनडातल्या पुस्तकांत सहसा सापडत नाही आणि आपल्याला मात्र दिसायला हवा. निकाल देणाऱ्या पाच जणांत चार लॉर्ड होते: सँकी, डार्लिंग, मेरिव्हेल, टॉमलिन. पाचवे सर लॅन्सलॉट सँडरसन. हे १९१५ ते १९२६ या काळात कलकत्ता हायकोर्टाचे सरन्यायाधीश होते. तिथे १९१६ मध्ये त्यांच्यापुढे रेजिना गुहा यांचा अर्ज आला होता. एम.ए., बी.एल. झालेल्या या बाईंनी अलीपूरच्या जिल्हा कोर्टात वकिलीची सनद मागितली. १८७९ च्या वकिलांच्या कायद्यात शब्द होता, तुम्ही ओळखलाच असेल, ‘व्यक्ती’. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात, असं आपल्याकडचा शब्दार्थांचा सर्वसाधारण कायदा सांगतच होता. तरी सँडरसन यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठानं अर्ज फेटाळला: आजवर बायका वकील नव्हत्या, तेव्हा कायदेमंडळाच्या मनात बायका नसणार. अँग्लिन बारा वर्षांनी ओटावात जे म्हणाले तेच.

तेरा वर्षांत सँडरसन यांचं मत पालटलं होतं का? ते कळायला मार्ग नाही. प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीत तेव्हा एकच निकाल वाचला जाई. वेगळं मत नोंदवायची मुभाच नव्हती. ते सँकींच्या शेजारी बसले, एवढं खरं. रेजिना गुहांना त्याचा उपयोग नव्हता. १९१९ मध्येच त्या गेल्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊन आल्या होत्या. त्यांनाही रीतसर वकिलीसाठी तीसेक वर्षं ताटकळावं लागलं. हिंदुस्थानात ही गाठ कोर्टानं सोडवली नाही, १९२३ च्या स्वतंत्र कायद्यानं सोडवली. आणि आपलं त्या वेळचं वरिष्ठ सभागृह, म्हणजे जिथे सुरुवातीच्या वर्षांत अमरावतीचे दादासाहेब खापर्डे बसत ती कौन्सिल ऑफ स्टेट, तिथे पहिली बाई आली ती १९३८ मध्ये: राधाबाई सुब्बरायन.

आणखी एक विनोद खुद्द लंडनचा. लॉर्ड सँकी ज्या सभागृहाचे सभासद होते त्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बायकांना मज्जाव होता. लेडी ऱ्हॉन्डा यांना वडिलांकडून सरदारकी मिळाली होती. १९१९ च्या कायद्यानं लिंगामुळे कुणाही ‘व्यक्ती’ला सार्वजनिक कामासाठी अपात्र ठरवू नये असं सांगितलं होतं, त्याच्या आधारावर त्यांनी लॉर्ड्समध्ये बसायचा हक्क मागितला. १९२२ मध्ये विशेषाधिकार समितीनं आधी होकार दिला, मग समिती वाढवून पुन्हा बसवली आणि मोठ्या बहुमतानं नकार दिला. लॉर्ड्समध्ये बायका आल्या १९५८ मध्ये. म्हणजे दुसऱ्याच्या घराचं दार उघडा असं सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या घराला पुढे २९ वर्षं कुलूप होतं.

दार उघडलं, आत कोण गेलं? १५ फेब्रुवारी १९३० ला किंग यांनी केरीन विल्सन यांना नेमलं. वय ४५, आठ मुलांची आई, सिनेटरची मुलगी, लिबरल पक्षाच्या माजी खासदाराची बायको आणि त्या पक्षाच्या महिला संघटनेतलं मोठं नाव. विल्सनबाई कुचकामी होत्या असं मुळीच नाही. १९३८ नंतर निर्वासितांसाठी, त्यात हिटलरच्या जर्मनीतून पळालेल्या ज्यूंसाठी, त्यांनी आपल्याच सरकारशी भांडून काम केलं. पण एमिली मर्फींना ती जागा कधीच मिळाली नाही. लिबरल किंग यांच्या हिशेबात त्या विरोधी काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या. काँझर्व्हेटिव्ह बेनेट सत्तेवर आल्यावर १९३१ मध्ये अल्बर्टाची जागा रिकामी झाली, तर ती गेली कॅल्गरीचे मांस-व्यापारी पॅट्रिक बर्न्स यांना. मर्फी १९३३ च्या ऑक्टोबरात वारल्या. दुसरी बाई, आयव्हा फॅलिस, सिनेटमध्ये आली ती १९३५ मध्ये. सहा वर्षांत ९६ जागांपैकी दोन.

या पाच जणींची आरती ओवाळणाऱ्यांनी एक पान गाळू नये. १९२८ मध्ये अल्बर्टानं ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांची सक्तीनं नसबंदी करणारा कायदा केला. मर्फी आणि मॅक्लंग त्याच्या बाजूनं होत्या. १९७२ पर्यंत चाललेल्या त्या कायद्याखाली सुमारे २,८०० जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. अफूच्या व्यसनाबद्दल मर्फींनी चिनी लोकांविषयी जे लिहिलं ते आज वाचवत नाही. आणि ‘व्यक्ती’ ठरल्या त्या कोणत्या बायका? ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी आणि चिनी कुटुंबांना मत मिळालं १९४७ मध्ये, राखीव वस्त्यांवरच्या आदिवासींना देशपातळीवर १९६० मध्ये. खुद्द क्वेबेकच्या बायकांना प्रांताच्या निवडणुकीत १९४० पर्यंत मत नव्हतं.

२००९ मध्ये कॅनडाच्या सिनेटनं पाचही जणींना मरणोत्तर मानद सिनेटर केलं.

सँकींनी ‘व्यक्ती’चा निकाल लावला, पण तिच्या आधीचं ‘योग्य’ तसंच राहिलं, आणि कलम २३ मधला ‘तो’ही. ४,००० डॉलरच्या जमिनीची अटही राहिली. १९९७ मध्ये पेगी बट्स नावाच्या एका जोगिणीची, म्हणजे ननची, नेमणूक झाली तेव्हा पंचाईत झाली: निर्धनतेचं व्रत घेतलेल्या बाईच्या नावावर जमीन कुठून असणार? शेवटी तिच्या मठानं जमिनीचा एक लहानसा तुकडा तिच्या नावावर करून दिला, आणि ती व्यक्ती सिनेटमध्ये जाऊन बसली.